बंद खोक्यातला स्विच

आधीच सांगते, या सदराची सगळ्यात खडूस वाचक मीच असणार. कुणाचा तरी अनुभव वाचायचा आणि "हे असं झालं असेल, ते तसं असेल" म्हणत त्यातली हवा काढायची, हा माझा जुना उद्योग. नवरा म्हणतो, तुला गोष्ट सांगायला आलेलं भूतही अर्ध्यातून उठून जाईल. भुतंखेतं तर सोडाच, नेटवर्कची नोकरी करताना विक्रेते जी गुळगुळीत रंगीत माहितीपत्रकं हातात ठेवायचे, त्यांच्यावरही माझा कधी विश्वास बसला नाही. वस्तू चालते का ते स्वतः बघायचं, नाही चालली तर वायर तपासायची. बहुतेक वेळा वायरच असते.

म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं गेली. कारण इथे मी वायरसुद्धा तपासली आहे...

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. मी नागपूरहून बंगलोरला नोकरीसाठी आलेली, लग्न व्हायचं होतं, येलहंक्याला एका खोलीत भाड्याने राहत होते. येलहंक्याच्या पुढे देवनहळ्ळी रस्त्याला भाजीपाल्याचं बियाणं तयार करणारी एक कंपनी होती, तिथे मी कामाला. तेव्हा तिकडे विमानतळ वगैरे काही नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, मधूनमधून चकोत्र्याची, म्हणजे पपनसाची, झाडं आणि कंपनीच्या कुंपणाच्या आत टोमॅटो-मिरचीचे वाफे. त्या वाफ्यांमध्ये लांब लांब विखुरलेल्या सात इमारती. एका इमारतीतून दुसरीत जायचं म्हणजे उन्हात चांगली पायपीट.

आता थोडं कामाचं सांगते, कंटाळू नका, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. स्विच म्हणजे इथे दिव्याचं बटण नव्हे. एका इमारतीतले सगळे कॉम्प्युटर ज्या चपट्या डब्याला जोडतात, तो स्विच. प्रत्येक इमारतीत एक. पूर्वी त्यात काही बदल करायचा तर त्या इमारतीत जाऊन, त्या डब्यासमोर उकिडवं बसून करावा लागे. त्या वर्षी आम्ही नवीन पद्धतीचे स्विच घेतले. यात एक स्विच सगळ्यांचा प्रमुख असतो, बाकीचे त्याच्या गटातले सभासद. नेटवर्कवर पत्ता फक्त प्रमुखाला. सभासदांशी जे काही बोलायचं ते त्याच्यामार्फत. मी मुख्य इमारतीतल्या कॉम्प्युटर रूममध्ये बसून एका पडद्यावर सगळ्यांची चित्रं बघू शकायचे... कुणाचा कुठला दिवा लागलाय, कुणाचा विझलाय, सगळं. प्रमुख सारखा सभासदांना "आहेस ना?" विचारत असतो. उत्तर आलं नाही की त्या सभासदाचं चित्र करडं पडतं. आणि कुठल्याही केबलला याच जातीचा नवीन स्विच जोडला गेला, तर प्रमुखाला तो आपोआप दिसतो आणि पडद्यावर प्रश्न येतो : नवीन उपकरण सापडलं आहे, गटात घ्यायचं का? हो किंवा नाही.

हे सगळं मला फार आवडलं होतं. पायपीट वाचली, हे एक. आणि दुसरं म्हणजे, खरं सांगायचं तर, एका जागी बसून सगळ्यांवर नजर ठेवायला मजा येते.

मुख्य इमारतीत प्रमुख बसला, पाच इमारतींत पाच सभासद बसले. सातवी इमारत राहिली. कारण तिथे शांतक्का होत्या.

शांतक्का म्हणजे बियाण्याच्या कोल्ड रूमच्या सर्वेसर्वा. मूळच्या निपाणीकडच्या, घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि रागावल्या की दोन्ही एकदम. पन्नाशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही, येलहंक्यात जुन्या टाऊनमध्ये एकट्या राहत. कंपनी सुरू झाली तेव्हापासून कोल्ड रूम त्यांच्या ताब्यात. आत फ्रिजसारखी थंडी, भिंतीला उंच उंच मांडण्या, त्यांवर बियाण्याच्या पिशव्या. आतलं तापमान दाखवणारं एक जुनं यंत्र अगदी मागच्या भिंतीवर. अक्का रोज स्वतः आत जाऊन ते वाचायच्या आणि आकडे मुख्य ऑफिसला पोचवायच्या. आमच्या मूर्ती सरांना, म्हणजे माझ्या मॅनेजरना, ते तापमान थेट कॉम्प्युटरवर हवं होतं. त्यासाठी तिथे स्विच बसवायचा होता.

मी केबल ओढून घेतली. एक टोक मुख्य इमारतीत प्रमुखाला जोडलं, दुसरं टोक अक्कांच्या ऑफिसात आणलं. स्विचचं खोकं घेऊन गेले तर अक्का दारातच उभ्या.

"हे काय आणलीस?"

मी समजावून सांगितलं. प्रमुख, सभासद, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पत्ता एकट्याला, आणि बाकीच्यांनी त्याच्या पत्त्यावर राहायचं? आणि तो सारखा विचारणार, आहेस काय, आहेस काय?"

"हो. तसंच काहीसं."

"मग नको की मला. मी आहे की नाही ते मला ठाऊक आहे. दुसऱ्यानं कशाला विचारायचं?"

"अक्का, प्रश्न तुमचा नाही, स्विचचा आहे."

"माझ्या खोलीत बसणार म्हणजे माझाच की!"

तिथून शब्दाला शब्द वाढत गेला. मी म्हणाले, तुम्हाला यंत्राची भीती वाटते. त्या म्हणाल्या, "तुला गं उन्हाची भीती वाटते, म्हणून सगळं खुर्चीवरून करालीस." हे मला फार झोंबलं, कारण त्यात तथ्य होतं. शेवटी मी केबलचं टोक गुंडाळून त्यांच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं, खोकं तसंच कोपऱ्यात ठेवलं आणि मूर्ती सरांना सांगितलं की आता तुम्हीच बघा. मूर्ती सर शहाणे. ते म्हणाले, "स्वल्प दिवस जाऊ देत," आणि विषय सोडून दिला.

आमचं बोलणं बंद झालं. आम्ही एकाच बसने यायचो-जायचो, पण अक्का पुढे बसायच्या आणि मी मागे. मला तिकडे कन्नड धड येत नव्हतं, ऑफिसात हिंदी-इंग्रजी. मराठी बोलायला मिळावं असं माणूस कंपनीत एकच होतं, आणि त्याच्याशीच मी अबोला धरला होता. त्यांचंही तसंच असणार. पण मी काय कमी हट्टी आहे?

यात दसरा आला. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रांची, अवजारांची पूजा करतात, पण बंगलोरला त्या दिवसाचा थाटच वेगळा. आयुधपूजा! रिक्षा, बस, लेथ मशीन, टाइपरायटर, ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं धुऊन-पुसून, हळदीकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून सजवतात. गाड्यांना केळीचे खुंट बांधतात. कोहळ्यात कुंकू भरून तो दारात फोडतात. आणि पूजा झाली की ती वस्तू त्या दिवशी वापरायची नाही. तिला विश्रांती. आमच्या कंपनीत तर पूजा झालेल्या खोलीचं दार ओढून घेऊन कडीला झेंडूचा हार बांधायची रीत होती. तो हार पुढच्या कामाच्या दिवशी पुन्हा आरती करूनच सोडायचा. मधे कुणी हात लावत नसे, अगदी वॉचमनसुद्धा. त्या वर्षी दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी आणि त्याला लागून रविवार. म्हणजे हार सुटणार थेट सोमवारी.

सकाळी एकेका इमारतीत पूजा झाली. ज्या इमारतीची पूजा झाली तिथला विजेचा मेन खाली. फक्त कोल्ड रूमचं थंडीचं यंत्र वेगळ्या लाइनवर चालू ठेवलेलं, नाहीतर बियाणं खराब व्हायचं. आणि आमच्या कॉम्प्युटर रूममधला प्रमुख स्विच आणि एक कॉम्प्युटर UPS च्या बॅटरीवर चालू, कारण मूर्ती सरांना परदेशातली मेल येणार होती. "देवी माफ करेल, कस्टमर नाही करणार," असं ते म्हणाले.

मोठी आरती मुख्य इमारतीत झाली, मग जेवणं. पानात चित्रान्न, म्हणजे फोडणीचा पिवळा भात, आणि ओबट्टू, म्हणजे पुरणपोळी, जाताना प्रत्येकाच्या हातात कडलेपुरीचा पुडा... म्हणजे चुरमुरे-डाळं. अक्का मला पंगतीत दिसल्या नाहीत. मी मनात म्हटलं, बसल्या असतील कुठेतरी माझ्याकडे पाठ करून. बहुतेक मंडळी जेवून पहिल्या बसने गेली. मला त्यात जागा मिळाली नाही, म्हणून दुसरी बस येईपर्यंत मी कॉम्प्युटर रूममध्ये जाऊन चुरमुरे खात बसले.

पडद्यावर पाचही सभासद करडे पडलेले होते. ते बघून मला जरा कसंतरीच वाटलं. रोज चमचमणारी चित्रं, आणि आज घर रिकामं झाल्यासारखं. प्रमुख तेवढा हिरवा... आपला विचारतोय सगळ्यांना, आहेस ना, आहेस ना, आणि कुणी ओ देत नाहीये.

तेवढ्यात पडद्यावर चौकट आली.

नवीन उपकरण सापडलं आहे. गटात घ्यायचं का?

माझा हात पुड्यातच राहिला. मी बघितलं, कुठल्या केबलवरून आलंय. कोल्ड रूमच्या. मी "नाही" दाबलं. चौकट गेली आणि पुन्हा आली. पुन्हा "नाही". पुन्हा आली. मी उठून प्रमुखाच्या डब्याकडे गेले. कोल्ड रूमच्या केबलचा जो दिवा बसवल्यापासून एकदाही लागला नव्हता, तो हिरवा पेटलेला होता. म्हणजे पलीकडच्या टोकाला काहीतरी जोडलंय आणि ते चालू आहे. मी केबल उपसली, दिवा विझला. पुन्हा लावली, दिवा लागला. मी वायर तपासली म्हणाले ना, ती ही.

तुम्हाला वाटेल मी घाबरले. छे! माझं डोकं फिरलं. मला वाटलं, ही बाई आहे की कोण! इतके दिवस हात लावू देत नव्हती, आणि आज सगळी कंपनी यंत्रं बंद करून बसलीये तेव्हा मुद्दाम खोकं फोडून स्वतःच स्विच जोडतेय. मला दाखवायला, की बघ, तुझ्याशिवाय होतं. आणि खिजवायला सारखी चालू-बंद करतेय. प्रत्येक स्विचला कारखान्यातून एक स्वतंत्र नंबर मिळालेला असतो, दुसऱ्या कुणाचाही तसा नसतो. चौकटीत तो नंबर दिसत होता. मी त्याचे शेवटचे आकडे पेनाने तळहातावर लिहून घेतले. पुरावा! आता नाकारून दाखवा म्हणावं. आणि तशीच तणतणत उन्हात निघाले. बस चुकली तर चुकली.

अक्कांच्या इमारतीचं बाहेरचं दार नुसतं लोटलेलं. आत अंधार. मेन खाली होता, मी स्वतः बघितला. ऑफिसात कुणी नव्हतं. भिंतीवर खिळ्याला केबलचं टोक मी गुंडाळून ठेवलं होतं तसंच, माझ्याच रबरबँडमध्ये. आणि कोपऱ्यात ते खोकं. अक्कांनी त्याचा चक्क चौरंग केला होता. वर लाल ब्लाऊजपीस अंथरून देवीचा फोटो, पूजेचं ताट, उदबत्तीची राख. मी फोटो आणि ताट बाजूला ठेवून कापड उचललं. खोक्याची कारखान्याची चिकटपट्टी जशीच्या तशी. कुणी नखही लावलेलं नाही. बाजूला नंबराचं लेबल. मी तळहात त्याच्याशेजारी धरला.

तोच नंबर.

तिथे मात्र मी पहिल्यांदा घाबरले. राग कुठल्या कुठे गेला. काय करावं ते सुचेना, म्हणून मी कापड पुन्हा नीट अंथरलं, ताट आणि फोटो परत ठेवला, आणि फोटो ठेवायला वाकले तेव्हा मला टेबलाखाली अक्कांच्या चपला दिसल्या. शेजारी त्यांची पिशवी, पिशवीत डबा.

बाहेर नागराज जीपच्या सावलीत बसला होता. नागराज म्हणजे अक्कांच्या हाताखालचा मदतनीस, अक्कांचा शब्द त्याला देवाचा. मी त्याला हाक मारली. आमचं बोलणं अर्धं हिंदीत, अर्धं कन्नडमध्ये झालं, ते मराठीत देते.

"नागराज, अक्का कुठायत?"

"अक्का गेल्या, मॅडम. मोठ्या आरतीला."

"तू बघितलंस जाताना?"

"मी हार बांधत होतो. नंतर दिसल्या नाहीत, म्हणजे गेल्याच असणार. आता घरी पोचल्या असतील."

"अनवाणी? पिशवी न घेता?"

त्याने आत येऊन चपलांकडे बघितलं. मग कोल्ड रूमच्या दाराकडे. दाराची जाडजूड कडी लावलेली, तिच्याभोवती झेंडूचा हार गुंडाळून गाठ मारलेली, वर कुंकवाची बोटं. आतलं यंत्र घुमत होतं, त्या आवाजात दुसरं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी कडीला हात घातला तसा त्याने माझा हातच धरला. एरवी माझ्यासमोर मान वर न करणारा माणूस!

"बेडा, मॅडम, बेडा! नको! पूजा झालीय. सोमवारी आरती करूनच. देवी झोपलीय आत."

"आणि अक्का आत असतील तर?"

"नसतील. मी दिवा घालवला तेव्हा कुणी नव्हतं."

"तू आत जाऊन बघितलंस? मागच्या भिंतीपर्यंत?"

त्याने पुन्हा चपलांकडे बघितलं. मग त्यानेच तो हार तोडला. गाठ सोडायला थांबला नाही, ओढून तोडला. झेंडू सगळे खाली पडले.

अक्का दाराच्या अगदी आत, जमिनीवर होत्या. रिकाम्या कापडी पिशव्या अंगाभोवती ओढून घेतलेल्या, डोकं दाराला टेकलेलं. दार उघडलं तशा त्या आमच्या पायांवर कलंडल्या. अंग गार, ओठ निळसर. डोळे उघडे होते पण बघत नव्हत्या. त्यांना डायबेटीस होता, सकाळपासून पूजेचा उपास. झालं होतं ते इतकं साधं... नागराज दार ओढण्याआधी त्या मागच्या भिंतीवरच्या तापमानाच्या यंत्राला कुंकू लावायला गेल्या होत्या. दर वर्षी सगळ्यांची पूजा उरकल्यावर त्या एकट्या जाऊन लावायच्या. मांडण्यांच्या आड त्या दिसल्या नाहीत. दार बंद झालं, दिवा गेला, आतून दार उघडायचा खटका कधीचा निखळलेला. त्यांनी हाका मारल्या, दार बडवलं. यंत्राच्या घरघरीत कुणाला काय ऐकू येणार? आणि ऐकू आलं असतं तरी हार बांधलेलं दार उघडायला कुणी धजावलं असतं का, कोण जाणे.

पूजा झालेली जीप त्या दिवशी चालवायची नसते. नागराजने ती चालवली. बांधलेले केळीचे खुंट दोन्ही बाजूंनी रस्त्याला घासत होते आणि तो रडत गाडी पळवत होता. येलहंक्याच्या नर्सिंग होममधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत अक्का तग धरू शकल्या नसत्या. सोमवारचं तर नावच नको.

मी नर्सिंग होमच्या बेसिनवर हात धुतले तेव्हा तळहातावरचे आकडे गेले. मला ते कळलंसुद्धा नाही. सोमवारी ऑफिसला आले तर UPS ची बॅटरी मधेच उतरून प्रमुख बंद पडलेला. पुन्हा सुरू केला, तर आधीची कुठलीच नोंद त्याच्या पोटात नव्हती. कोल्ड रूमचा दिवा विझलेला, चौकट नाही. म्हणजे दाखवायला माझ्याकडे काही म्हणजे काही नाही. मी स्वतः जर हे दुसऱ्याचं म्हणून वाचलं असतं, तर हसून पान उलटलं असतं.

मी माझ्या परीने खूप डोकं खाजवलं. स्विच विकणाऱ्यांच्या इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, दुसऱ्या सभासदाचं प्रतिबिंब पडलं असेल. पण सगळे सभासद बंद होते. म्हणाला, जुनी माहिती पडद्यावर राहिली असेल. पण तो स्विच कधी जोडलेलाच नव्हता, जुनी माहिती येणार कुठून? शेवटी म्हणाला, "मॅडम, तुम्ही लेबल आधी बघितलं असणार, तोच नंबर डोक्यात राहिला आणि हातावर उतरला." हे मला पटण्यासारखं वाटलं. पण मग डब्यावरचा दिवा? त्यावर तो म्हणाला की जे उपकरण चालू नाही ते विनंती करू शकत नाही. हे मलाही माहीत आहे. मी इतकी वर्षं याच कामात आहे, त्यानंतर असले शेकड्याने स्विच बसवले, आणि आजपर्यंत मला याचं उत्तर सापडलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर कळवा. माझ्यासारख्या खडूस वाचकांनी तर नक्कीच.

दिवाळीच्या आधी एका रविवारी मी अक्कांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, झाडलेलं, पुसलेलं, भिंतीवर एकही फोटो नाही. त्या खुर्चीत शाल घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं... चौकट, दिवा, नंबर. नागराजला नव्हतं सांगितलं, मूर्ती सरांनाही नाही. मला वाटलं, त्या देवीला हात जोडतील, नाहीतर मला वेड्यात काढतील. त्यांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"काय विचारत होतं गं ते?"

"गटात घ्यायचं का, असं."

"आणि तू?"

"मी नाही म्हणत होते. ते पुन्हा पुन्हा येत होतं."

त्या शालीच्या दशा ओढत बसल्या. मग म्हणाल्या, "आत अंधारात मी एकेकाला आठवत होते बघ. कुणाला कळेल? भाऊ निपाणीला, तो दिवाळीला फोन करतो. नागराजला वाटणार अक्का घरी गेली. शेजारणीला वाटणार सुट्टीला गावी गेली. सगळी माणसं मोजून झाली, तेव्हा मला थंडीपेक्षा त्याचंच रडू आलं. की मी नाही, हे सोमवारपर्यंत कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही."

मी त्यांच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली.

"तुझं नाव त्यात नव्हतं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू?"

"कसं असणार? आपण बोलत नव्हतो."

"तेच की. मग तू का आलीस? एवढ्या उन्हात? कॉम्प्युटरवर काय दिसलं ते दिसू दे, सोमवारी बघू म्हणायचं होतंस. कुणीही म्हटलं असतं."

खरं तर काहीतरी गोड सांगावंसं वाटलं. मनात शंका आली, काळजी वाटली, असं. पण त्या माझ्याकडे अशा रोखून बघत होत्या की खोटं बोलवेना.

"भांडायला आले होते," मी म्हणाले. "तुम्ही मला खिजवताय असं वाटलं."

अक्का हसायला लागल्या. इतक्या हसल्या की ठसका लागला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी पाणी आणून दिलं, त्या ते प्यायल्या आणि मग पेला तसाच हातात धरून, माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या,

"तू शांत स्वभावाची असतीस तर मी मेले असते की गं!"